खिळ्याला लावलेल्या चुका

अनंता गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. अंत्ययात्रा दुपारी निघणार, असं त्या निरोपात लिहिलं होतं. दुपारी मी पोचलो तेव्हा स्मशानातून माणसं परतत होती. अंत्ययात्रा सकाळीच निघाली होती. निरोप टाकणारे तरुण गृहस्थ मला फाटकाशीच भेटले. "टायमिंगमध्ये जरा मिस्टेक झाली, काका," असं म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला आणि ते गाडीकडे वळले. इतक्या वर्षांच्या मित्राचा चेहरा मला शेवटचा पाहता आला नाही आणि त्याचा हिशेब त्या एका वाक्यात मिटवून झाला होता. दुःखाच्या आधी मला किळस आली. आता काही आठवडे उलटलेत. दुःख हळूहळू जागेवर बसतंय… किळस आहे तशीच आहे.

अनंता मूळचा नेऱ्याचा. थोरला भाऊ महादेव शेती सांभाळत राहिला आणि हा पनवेलला येऊन छपाईच्या धंद्यात पडला. त्याच्या प्रेसमध्ये मुख्यतः लग्नपत्रिका छापल्या जात. शाळेत शिकवून झालं की मी तिथे जाऊन बसायचो आणि फुकट प्रुफं वाचायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणे. त्याच्या खुर्चीसमोरच्या भिंतीत एक लांब खिळा होता आणि त्याला चुकलेल्या पत्रिका टोचलेल्या असत. गिऱ्हाइकाला बसल्याबसल्या दिसतील अशा. चांगल्या छापलेल्या पत्रिका मात्र कपाटात. "धंदा बुडवशील," मी एकदा म्हटलं. "बुडू दे. माझ्या डोळ्यांसमोर असल्या म्हणजे पुढची नीट वाचतो," तो म्हणाला.

प्रेसमध्ये 'मिस्टेक' या शब्दाला बंदी होती. एकदा खारघरहून एक गृहस्थ पत्नीसह आले होते. "काका, नावात छोटीशी मिस्टेक झालीय," त्यांनी सांगितलं.

"कोणाची?"

"म्हणजे… अशी कोणाची नाही. झालीय."

"गळू होतं तशी? आपोआप?"

बाई खुदकन हसल्या. "यांच्याकडे सगळं आपोआपच होतं. गॅस चालू राहतो, दूध उतू जातं… सगळी मिस्टेकच." मग गृहस्थांनी मान्य केलं, की मजकूर त्यांनीच घाईत फोनवरून पाठवला होता. अनंताने त्यांना चहा पाजला. मनातून तो चिडलेला होता. ते गेल्यावर मला म्हणाला, "मास्तर, चूक म्हटली की तिच्याशेजारी माणूस उभा करावा लागतो. या शब्दाशेजारी कोणी उभंच राहत नाही. म्हणून तर सगळ्यांना आवडतो."

हे बोलायचा त्याला अधिकार होता. उरणकडच्या एका गावातल्या लग्नाची पत्रिका त्याने छापली होती. आमच्याकडच्या पत्रिकांत नावांची रांग मोठी. आजे, पणजे, मामे, काके, कोणी राहून चालत नाही. त्या रांगेत नवरीच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' छापलं गेलं. आजोबा खाटेवर बसून विडी ओढत होते आणि हळदकुंकू लावलेली पत्रिका अर्ध्या गावात पोचली होती. नवरीचा बाप प्रेसमध्ये येऊन ओरडला. मशीनवरचा माणूस पुटपुटला, "मिस्टेक झाली, शेट." अनंताने त्याला हातानेच थांबवलं. रातोरात काम करवून घेऊन दुसऱ्या दिवशी नव्या पत्रिका घेऊन तो स्कूटरवरून त्या गावी गेला. मागे मी होतो. अंगणात म्हाताऱ्यासमोर उभा राहून तो म्हणाला, "बाबा, चूक माजी हाय. मी वाचलं नाय." म्हाताऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरा झाला रं. कोन रडतंय ता जितेपनीच बघाला गावला!" सगळं अंगण हसलं. अनंता हसला नाही. जुनी पत्रिका पोचलेल्या प्रत्येक घरी जाऊन त्याने स्वतःच्या हाताने नवी दिली आणि प्रत्येक दारात तेच वाक्य म्हटलं. तेव्हापासून प्रेसमध्ये नियम झाला. गिऱ्हाइकाच्या घरच्यांनी पत्रिका मोठ्याने वाचायची, आणि सगळ्यांत शेवटी अनंताने.

अशा माणसाला श्रद्धांजली वाहणारा फ्लेक्स चौकात लागला. वर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे हसरे चेहरे, खाली 'कै. अनंत' आणि फोटो महादेवचा. जिवंत भावाचा.

तेराव्याला महादेवदादा नेऱ्याहून पुन्हा आले. एसटी स्टँडवरून मीच त्यांना घेऊन येत होतो. दुसऱ्या रस्त्याने न्यायचं मला सुचलं नाही. ते फ्लेक्सखाली थांबले. टोपी काढून पुन्हा घातली. "मास्तर, मी हाय का नाय?" त्यांनी विचारलं. मंडळाचे उपाध्यक्ष पानाच्या टपरीवर होते, ते धावत आले. "सॉरी आबा, डिझायनरची मिस्टेक. तुम्ही दोघं सेम टू सेम, त्याला काय कळणार?"

"त्याला नाय कळला. तुला? तू तर रोज त्याच्या दुकानात बसून चा प्यायचास."

"मिस्टेक होते ना आबा, माणूस आहे. उद्या काढतो." हे म्हणताना त्यांच्या तोंडात पान होतं. एका माणसाला त्याच्याच मरणाखाली उभं केलं होतं आणि त्याबद्दल त्यांच्याकडे हे एवढंच वाक्य होतं, पानाबरोबर चघळलेलं.

जेवणं झाल्यावर आम्ही प्रेसमध्ये बसलो. मी तावातावाने बोलत होतो. त्या डिझायनरला इथे आणून उभा करा, एकाने तरी 'माझी चूक' म्हणू दे, असं काहीतरी. अनंताची मुलगी मेधा दाराशी उभी होती. ती आत आली आणि महादेवदादांसमोर थांबली.

"आबा, फोटो मी पाठवला. दवाखान्यात मंडळवाले मागायला लागले, मी फोटो न उघडताच… लहानसा दिसत होता, फेटा बांधलेला. मला बाबा वाटले. डिझायनरची नाही, माझी चूक आहे. मी बाबांनाच ओळखलं नाही."

सगळ्या गावात सबब सांगायचा हक्क कोणाला असेल, तर या मुलीला होता. महादेवदादांनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "तेच्यासारका दिसतो ना मी? मग बरा झाला. तुला बघाला तरी एक रायला."

मंडळाने फ्लेक्स काढलाच नाही. शेवटी मेधा शिडी घेऊन गेली आणि फोटोचा तुकडा कापून घेऊन आली. तो आता खिळ्याला आहे, त्या उरणच्या पत्रिकेच्या वर. महादेवदादा बाजाराला आले की दारातूनच विचारतात, "अजून टांगलाय का मना?" "आहात, आबा," ती म्हणते. अनंताच्या खुर्चीत आता ती बसते. समोर गिऱ्हाईक पत्रिका मोठ्याने वाचत असतं. त्याचं झालं की ती कागद जवळ ओढते आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागते…