मागचं सगळं धूसर

मस्तगडातल्या आमच्या फोटोग्राफरला मागचं सगळं धूसर करायची भारी हौस. लग्नाच्या फोटोत नवरानवरी लख्ख आणि मागे उभे असलेले मामा म्हणजे नुसता रंगाचा डाग. मामा भांडायला आले की म्हणतो, "पुढं उभं राहायचं ना मंग!"

पदवीच्या काळ्या झग्यात मी त्याच्या स्टुडिओत गेलो, तेव्हा बाबा सवयीने मागे भिंतीपाशी उभे राहिले.

"काका, तिथं बिलकुल दिसणार न्हाई तुम्ही."

"पोराचा फोटो हाय. मी मागंच बरा."

त्याने बाबांना दंडाला धरून पुढे आणलं आणि मला भिंतीपाशी पाठवलं.

घरी आलेल्या प्रत्येकाला बाबा तो फोटो दाखवतात. त्यात त्यांच्या मिशीचा केस न् केस दिसतो.

"अन् मागं ते काळं दिसून राह्यलं ना," बाबा सांगतात, "तो आमचा ग्रॅज्युएट."