चांदूर बाजारची पहिली कुदळ

चांदूर बाजारच्या घराबद्दल मी आयुष्यभर कौतुकानं बोललो, पण त्याच्या भूमिपूजनाचा विषय निघाला की टाळत आलो. आता वय झालं. घडलं तसं लिहून ठेवतो.

मी अमरावतीचा, सुदाम अकोल्याचा. मुंबईत वास्तुकला एकत्र शिकलो आणि छप्पन्न सालानंतर लवकरच बडनेरा स्टेशनवर एकत्रच उतरलो. बरोबरीचे सगळे मुंबईतच राहिले. आम्ही अमरावतीत सरकी-ढेपेच्या दुकानावर खोली घेतली, दोन ड्रॉइंग बोर्ड मांडले आणि पाटी लावली. लोक जिना चढून येत नि विचारत, "आर्किटेक म्हंजे इंजिनेरच ना?"

सुदाम म्हणे, "नाही जी. इंजिनेर घर पडू देत नाही. आमी घरात जीव गुदमरू देत नाही."

पहिलं काम चांदूर बाजारच्या भाऊसाहेबांचं, मोठ्या शेतकऱ्याचं. त्यांच्याशी बोलणी मी केली, घर सुदामनं आखलं. पश्चिमेला धान्याच्या कोठ्या, उत्तरेला उंच खिडक्या, मधून वाऱ्याची वाट. वैशाखातही दुपारी निजता यावं असं घर.

भूमिपूजनाला आम्ही एस.टी.नं निघालो. वलगावला इंजिन तापलं. "उतरा बाप्पा, मोटरले तहान लागली," कंडक्टर ओरडला. पुढे काळ्या रानात पऱ्हाटी (कपाशी) फुटली होती, मग संत्र्याचे बगीचे लागले. पोचलो तेव्हा रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) तयार होते.

"आमच्या घरची रीत हाय," भाऊसाहेब म्हणाले. "घर ज्याच्या डोक्यातून निघालं, त्यानंच पयली कुदळ मारायची. बोला, कोनाच्या?"

सुदाम मोजणीची फीत धरून शेजारीच उभा होता. त्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. भाऊसाहेब आता आडनाव विचारतील आणि काम हातचं जाईल, अशी भीती मला वाटली.

"माझ्या," मी म्हणालो.

मला फेटा बांधला. मी कुदळ मारली. सुदामनं फीत गुंडाळून खिशात ठेवली.

परतीच्या एस.टी.त त्यानं विचारलं, "काहून बे?"

"काम गेलं असतं."

"विचारलं तरी असतं त्याले. नाही म्हनाचं होतं तं त्याच्या तोंडानं म्हनू देतास." थोड्या वेळानं म्हणाला, "सरक आता. खिडकीत मी बसतो."

त्या घरानं आमचं नाव केलं. परतवाड्यापासून मूर्तिजापूरपर्यंत माणसं आमचा जिना चढू लागली. वऱ्हाडात राहून वऱ्हाडच्या उन्हाला पुरून उरणारी घरं बांधणारा स्टुडिओ आम्ही चालवून दाखवला. याचा मला अभिमान आहे, आजही आहे. पण ते पहिलं घर सुदामचं.

साठ सालानंतर तो सरकारी नोकरी धरून अकोल्याला गेला. पुढे एका उन्हाळ्यात, मनातलं बोलायचंच असं ठरवून मी त्याच्याकडे गेलो. वहिनींनी पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) केली होती. जेवल्यावर त्यानं स्वतः आखलेली शाळा दाखवली. बाहेर आग होती, वर्गात वारा.

"पाह्य, पोरं पेंगत नाहीत."

"आणि मास्तर?"

"त्याईले कोन्तं डिझाइन पुरनार गड्या!"

आम्ही पोट धरून हसलो. तो स्टेशनवर पोचवायला आला. गाडी हलायच्या बेतात होती.

"सुदाम..."

"बोल ना."

"वहिनींना सांग, भाजी झकास झाली होती."

पुढल्या खेपेला नक्की बोलू, असं मी बडनेऱ्यापर्यंत मनाला समजावत होतो. ती खेप होण्याआधीच सुदाम गेला. 'माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं.