ठकूमावशीची उसनी भांडी

सन १८९५, दिवाळीनंतरचा पहिला रविवार, कर्जत. हजर: पाळक व त्यांची बायको, इंजिनशेडमधली चार बिऱ्हाडे, दाविद शिंपी सहकुटुंब, ठकूमावशी, मी. नवीन: गोविंदा व भागीरथी, मूळचे कडावचे. बसले: दाराजवळ.

आमच्या ख्रिस्ती मंडळीची हजेरी मी ठेवते, म्हणून हे आजही वहीत पाहून सांगता येते. वहीत नाही ते असे, की शेवटचे गीत संपायच्या आत ठकूमावशी उठली, दाराशी जाऊन भागीरथीला लागून बसली आणि म्हणाली, "तपेलं हाय का गं तुझ्याकडं? दोन शेर तांदूळ मावंल असं?" नाव विचारले ते नंतर.

ठकूमावशीचा नवरा रेल्वेच्या कामावर घाटात वारला होता. ती नदीकाठी एकटी राही, वाल आणि काकड्या लावी आणि कर्जतात येणाऱ्या प्रत्येक नव्या बिऱ्हाडाकडून काही ना काही उसने मागून आणी. मी नगरहून इथल्या मुलींच्या शाळेवर आले, त्याच आठवड्यात माझा पोळपाट नेला. तो तिने परत केला नाही. मला वाटे, बाईला विसरायची खोड आहे.

नव्या माणसांचे आम्हीही करत असू. पुढच्या सतरंजीवर बसवायचे, गूळ-पाणी द्यायचे, पाळकांनी दोन गोड शब्द बोलायचे. माणसे संकोचून बसत, दोन-तीन रविवार येत आणि मग वहीत त्यांच्या नावापुढे रेघ पडे. मी एकदा हे मावशीला दाखवले, तर म्हणाली, "पावना म्हनून बसवलात, पावन्यावानी गेला. त्याचं काय चुकलं?"

भागीरथीचे घर गावकुसाबाहेरचे. बाप्तिस्मा घेतल्यावर भावकीनेही दोघांना तोडले होते. मंडळीत जातपात नाही असे आम्ही दर रविवारी म्हणत असू आणि एकमेकांच्या घरचे पाणी मात्र बेताने पीत असू. तपेले मागितल्यावर भागीरथीने आधी आमच्या सगळ्यांकडे पाहून घेतले.

"माझं भांडं? तुमाला चालंल?"

"मला नाय गं, माझ्या भाताला पायजे. घरी हाय ना? चल, मीच उचलते."

ते पितळेचे तपेले त्यांच्या घरातले एकुलते एक मोठे भांडे. मावशीने त्यात भात शिजवला आणि आठ दिवसांनी तपेले दाविद शिंप्याच्या बायकोला देऊन टाकले. भागीरथी मागायला आली तर म्हणे, "शिंप्याकडं हाय, तितनं घे." भागीरथी तिकडे गेली, तर शिंपिणीने बसवून घेतले, कारण तपेल्यात अजून डाळ शिजत होती. अशी निम्म्या मंडळीची भांडी निम्म्या मंडळीच्या चुलीवर असत.

मला हा गोंधळ सोसवेना. नाताळाच्या आधी मी रीतसर यादी केली: कोणाचे काय, कोणाकडे किती दिवस. एका दुपारी घरोघर फिरून सगळी भांडी गोळा केली, राखेने लख्ख घासली आणि ज्याची त्याला पोचती केली. गोविंदाच्या घरी कोणी नव्हते. मी तपेले उंबऱ्यावर ठेवले आणि यादीत खूण केली. संध्याकाळी मला फार बरे वाटत होते.

पुढचे तीन रविवार ती दोघे आली नाहीत. गोविंदा मुंबईला गिरणीत जायचे म्हणतो, असे शिंपिणीने सांगितले. तिथे त्यांचे कोणी नव्हते. इथे निदान चार चुली ओळखीच्या झाल्या होत्या.

मी मावशीकडे गेले. ती काकडीच्या वेलाला काटक्या लावत होती. ऐकून हातातली काटकी तिने खाली ठेवली.

"तपेल्यात काय घातलं व्हतं, बाई?"

"काही नाही. स्वच्छ घासून ठेवले."

"रिकामं? आन् वर घासून?" तिने हाताची माती झटकली. "शेजारनीची वाटी तरी रिकामी धाडता का तुमी? मूठभर तांदूळ, नायतर एक मिरची घालता. तिला काय वाटलं असंल? आपलं भांडं इटाळलं म्हनून घासून दाराभायेर टाकलं."

मी तशीच परत निघाले, तर म्हणाली, "तिकडं नाय. भागीरथीकडं. मी पन येते."

भागीरथी गाठोडे बांधत होती. तपेले त्या गाठोड्यात होते. मावशी दारातच थांबली आणि तिने मला पुढे केले. मलाच बोलावे लागले.

"भागीरथी, तपेलं देतेस का?"

"कशाला? परत घासून आनायला?"

मी म्हटले, "माझं चुकलं गं. रविवारी माझ्याकडे मंडळीचं जेवण आहे. माझं भांडं पुरत नाही."

"खरं हाय," मावशी मागून म्हणाली. "हिची यादी मोठी, भांडं ल्हान."

भागीरथी हसली नाही, पण गाठोडे सोडले. रविवारी सकाळीच ती आली. तपेले पातळ आहे, जाळ जपून लावा, भात लागतो, असे सांगायला. मग स्वतःच चुलीशी बसली. वाढलेही तिनेच, आणि सगळे जेवले. गोविंदाने मुंबईचे नाव त्यानंतर काढले नाही. त्या दिवशी हजेरीत मी 'नवीन' हा शब्द खोडला.

पुढे पाचेक वर्षांनी मावशी थोड्याशा तापाने गेली. तिच्या घरातली भांडी मी मोजली: अकरा, त्यांतली तिची स्वतःची दोन. बाकीची नऊ मी आणि भागीरथीने ज्याची त्याला नेऊन दिली, प्रत्येकात तिच्याच वेलाची एकेक काकडी घालून. घासली नाहीत.

माझा पोळपाट मात्र त्यांत नव्हता. भागीरथीला विचारले, तर मान वळवून म्हणाली, "तो व्हय? मावशीनं माझ्याकडं दिला व्हता. खालापूरला नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांना दिलाय मी. तुमीच जाऊन आना, बाई. बाईमानूस एकटीच असती दिवसभर."

यादीत तेवढी एक ओळ राहिली आहे. खालापूरला मी अजून गेले नाही; जाईन, पण पोळपाट परत आणायला नव्हे.