चाक तेवढं लावून द्या

वॉल्टर अंकल कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करत, मग बसत. चहाच्या कपाचा कान उजवीकडे वळवून ठेवत. बिस्किटाचा पुडा वेडावाकडा फाटला तर कात्री मागून घेत. लिफ्टमधल्या नोटिशीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबत, आणि पुन्हा सुटला की घरी जाऊन टेप आणत. वॉचमनची कॉलर नीट करत. रसिकाने लिहिलेलं काही वाचायला दिलं, तर गोष्टीबद्दल अवाक्षर न काढता म्हणत, "तिसऱ्या ओळीत दोन शब्दांत जागा जास्त पडलीय."

रसिका हाटकेश भागातल्या एका सोसायटीत त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायची. मराठीत एम.ए. झाली होती, घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासायची. कंटाळा आला की वर जायची. वर, बंद केलेल्या बाल्कनीत, अंकलच्या गाड्या होत्या.

प्रत्येक गाडी तळहातावर मावणारी. खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग येतात, ते जोडायचे आणि रंगवायचे. अंकलना फक्त हॉट रॉड आवडत. म्हणजे अमेरिकेतल्या पोरांनी एके काळी जुन्या गाड्या घेऊन, छप्पर कापून खाली आणून, भलंमोठं इंजिन बसवून पळवल्या, त्या गाड्या. खोक्यावरच्या चित्राबरहुकूम अंकलनी एकही केली नव्हती. छप्पर कापायचं, दरवाज्यांच्या मुठी घासून सपाट करायच्या, जवळच्या गाळ्यातून आणलेल्या जुन्या कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारायचा. खरी गाडी त्यांनी आयुष्यात चालवली नव्हती. उत्तनला बहिणीकडे जायचं तर बसने जात.

"आमच्या मानसाला स्टेअरिंग धरता येत न्हाय," मार्सेलिन आंटी म्हणत, "आन गाड्या बघा घरभर."

त्यांचा एकच शिष्य होता, गुणवंतशेठ. भाईंदर पश्चिमेला त्यांचं स्टेशनरीचं दुकान होतं. पॉलिश पेपर आणि ब्लेडं घेता घेता मैत्री झाली होती. शेठचे हात थरथरायला लागले, तेव्हा मुलाने दुकान हातात घेतलं. शेठ घरी बसून सुकायला लागले. मग अंकल त्यांना ओढून बाल्कनीत घेऊन आले.

"वॉल्टरभाई, हे छप्पर कापायचं नाय हां," शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"शेठ, कापल्याशिवाय हॉट रॉड कसली?"

"माझा माणूस टोपी घालून बसणार. त्याचं डोकं कुठे ठेवू, डिकीत?"

रसिका हसून हसून दमली होती. शेठनी गाडी टॅक्सीसारखी पिवळी केली, छप्पर काळं. दार वाकडं बसलं. ग्लूचे ओघळ आले. आणि छप्पर दाबून बसवताना बोटाला ग्लू होता. तो ग्लू प्लास्टिक वितळवतो. छपरावर शेठचा अंगठा उठला, रेघ न् रेघ.

अंकलचा हात लगेच पॉलिश पेपरकडे गेला. "एक मिनिटात काढतो."

"राहू दे ना. सही हाय माझी."

त्या दिवशी अंकलनी स्वतःला आवरलं, पण शेठ निघेपर्यंत त्यांची नजर छपरावरच होती. शेठच्या वाढदिवसाला ती गाडी केकशेजारी ठेवली होती. रसिकाने मोबाइलवर फोटो काढला होता.

पुढच्या वर्षी शेठ गेले. त्यांच्या बायकोने, हंसाबेननी, गाडी त्यांच्या फोटोपुढे ठेवली. संध्याकाळी दिवा लावला की त्या छपरावर अंगठा ठेवत, शेठचा उठला होता तिथेच. हे त्यांनीच अंकलना सांगितलं होतं. एकदा पुसताना गाडी पडली आणि पुढचं डावं चाक निघालं. हंसाबेन गाडी रुमालात बांधून घेऊन आल्या.

"चाक तेवढं लावून द्या, वॉल्टरभाई."

दोन मिनिटांचं काम होतं.

पुढच्या आठवड्यात अंकलनी रसिकाला वर बोलावलं. टेबलावर एक गाडी होती. गडद लाल. छप्पर कापून इतकं खाली आणलं होतं की काचेची नुसती फट उरली होती. दार सरळ. ओघळ गेलेले. छपराच्या चकाकीत ट्यूबलाइट दिसत होती.

"अंकल, ही तुमची बेस्ट!" रसिका म्हणाली. तिने फोटोही काढला. मग चाकं ओळखीची वाटली, शेठच्या पिवळ्या गाडीची. तिने मोबाइल खाली ठेवला.

"शेठला शोभेल अशी केली," अंकल म्हणाले. ते खूश होते.

गाडी द्यायला दोघं बरोबर गेले. हंसाबेननी खोकं उघडलं. अंगठा छपरावर ठेवला. मग थोडा पुढे नेला. मग मागे.

"छान झालीय," त्या म्हणाल्या. "पण ही कोणाची?"

अंकलनी खोक्याचं झाकण सरळ केलं.

"चाक तेवढं सांगितलं होतं मी."

भांडण झालं नाही. त्यांनी चहा केला, जिरापुरी दिली. पण गाडी फोटोपुढे ठेवली नाही. कपाटात ठेवली आणि दार लावून घेतलं. अंकलनी त्या दिवशी कप कसाही ठेवला. कान भिंतीकडे.

रिक्षात ते म्हणाले, "चाक वाळत होतं, रसिका. तेवढ्या वेळात हात गेला." सोसायटीचं फाटक आलं तेव्हा म्हणाले, "मला माहीत होतं गो. सही हाय म्हणाला होता तो."

रसिकाला 'ही तुमची बेस्ट' आठवलं.

अंकलनी शेठच्या गाडीचं होतं तसंच सुट्या भागांचं खोकं पुन्हा मागवलं. यायला बरेच दिवस लागले. तोपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुठल्याच गाडीला हात लावला नाही. खोकं आलं तेव्हा त्यांनी रसिकाच्या मोबाइलमधला वाढदिवसाचा फोटो मोठा करून छापून घेतला, समोर चिकटवला, आणि सगळं काम डाव्या हाताने सुरू केलं.

"अंकल, दार वाकडं बसतंय."

"कमी वाकडं झालंय. शेठचं जास्त होतं." त्यांनी दार उखडलं आणि पुन्हा लावलं.

चुका करणं त्यांना जमत नव्हतं. ग्लूचा ओघळ ते सुईने ओढून काढत, आणि तो ओघळासारखा नाही, नक्षीसारखा दिसे. मग पुसत, पुन्हा काढत. पिवळा रंग ब्रशने फासला, तरी एकसारखा बसला. त्या दिवशी ते डोकं धरून बसले. आंटी दारातून म्हणाल्या, "त्या बाईची माफी माग नि मोकला हो ना. ह्यानी काय व्हनार हाय?"

"नुसतं सॉरी बोलून तिच्या अंगठ्याला काय लागणार?" अंकल म्हणाले.

छपराआधी त्यांनी सराव केला. कुल्फीवाल्याकडून प्लास्टिकचे चमचे आणले, काळे रंगवले आणि ग्लू लावून प्रत्येकावर अंगठा दाबला. थरथरवून दाबला, तिरका दाबला, डावा दाबला. खिडकीत चमचे ओळीने वाळत होते. रसिकाने एक उचलून उजेडात धरला. रेघा छान उठल्या होत्या.

"जमलं की, अंकल."

"काय जमलं? माझाच उठतोय."

छपरावर त्यांनी अंगठा उमटवला नाही. ते तसंच काळं, उंच, कोरं बसवलं. टोपीवाल्या माणसासाठी जागा ठेवली. आता फक्त डावं पुढचं चाक राहिलं होतं. ते दिवसेंदिवस राहिलं. रसिका रोज विचारायची. शेवटी एकदा ते चिडलेच. "चाक लावलं की द्यायला जावं लागंल ना!"

फेब्रुवारीत एका रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून येताना अंकल सोसायटीच्या फाटकापाशी खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्यांना उत्तनला नेऊन पुरलं. रसिकाला त्या दिवसातलं काही नीट आठवत नाही. हंसाबेन आल्या होत्या, एवढं आठवतं. त्या मार्सेलिन आंटीचा हात धरून बसल्या होत्या. गाडीचं कुणीच काढलं नाही.

चर्चमध्ये अंकलच्या महिन्याची मिस्सा झाल्यावर आंटीनी रसिकाला वर बोलावलं. बाल्कनी आवरायची होती. अंकलच्या सगळ्या गाड्या काचेमागे लकाकत होत्या. टेबलावर एकच, पिवळी. दार वाकडं. खिडकीत चमचे, प्रत्येकावर वॉल्टर अंकलचा अंगठा.

"तुला येतं ना गो? लावून टाक," आंटी म्हणाल्या. "मी नेऊन देते हंसाबेनला."

रंगाच्या एका रिकाम्या बाटलीच्या झाकणात चाक होतं. रसिकाने ते चिमटीत धरलं. ग्लूची बाटली उघडली, वास आला. झाकणात किती वेळ तसंच पडून होतं कोण जाणे, चाकावर धूळ बसली होती. तिने फुंकर मारली. मग चाक परत झाकणात ठेवलं आणि ग्लूची बाटली बंद केली. "राहू दे ना, आंटी. अंकलनी ठेवलीय तशीच."

गाडी पुढच्या डाव्या बाजूला कलून उभी होती.