मोजपट्टीने न मोजलेली गाडी

माणसाला बरे दिवस आले की तो गाडी उंच करतो. त्याआधी घर उंच करतो, मग आवाज, आणि एवढं करूनही शेजारी दबले नाहीत तर गाडी. चार इंच उंच स्प्रिंगा, ट्रॅक्टरला लाज वाटेल असे टायर, टपावर दिव्यांची रांग. मग ही गाडी रोज सकाळी ऑफिसला निघते आणि वाटेत बँकेसमोरचा गतिरोधक सर करते.

अशा सगळ्या गाड्या शेवटी टायरच्या दुकानामागच्या बोळात यायच्या. तिथे एक गॅरेज होतं. मालकाचं नाव पाटीवर होतं, पण तेल उडून उडून ते कधीच दिसेनासं झालं आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नाही. सगळे त्याला मोजपट्टी म्हणत. वय अठ्ठावन्न, अंगकाठी जॅकच्या दांड्यासारखी, आणि बोलणं त्याहून सरळ. खिशात स्टीलची टेप, कानामागे खडूचा तुकडा.

काम शॉकअपचं. स्प्रिंग गाडी उचलून धरते, पण एकदा हलली की हलतच राहते. तिला गप्प बसवणारं तेलाचं नळकांडं म्हणजे शॉकअप. गाडी उंच केली की जुने आखूड पडतात, नवे घ्यावे लागतात, आणि इथूनच माणसाच्या अकलेची परीक्षा सुरू होते. गिऱ्हाईक बहुधा खोकं बगलेत मारूनच येई.

"हे बसवा. सगळ्यात लांब आहेत."

"कोणी सांगितलं लांब घ्यायला?"

"सगळे हेच घेतात."

"सगळे मरतातही. तुम्हाला घाई आहे का?"

'नाही' म्हणणं हा त्याचा खरा धंदा. शॉकअप जोडधंदा. माणसं लांबून यायची, 'नाही' ऐकायची, तणतणत जायची आणि आठवड्याने परत यायची. त्याची रीत ठरलेली. स्प्रिंग काढायची. जॅकने दोन चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल वर उचलायचा, थेट रबराच्या ठोकळ्याला टेकेपर्यंत. चाक वर येऊन येऊन येणार ते इथवरच. मग शॉकअप अडकवतात त्या वरच्या खिळीपासून खालच्या खिळीपर्यंत टेप लावायची. हा पहिला आकडा. नंतर ब्रेकचा पाइप ताणला जाणार नाही इतपत चाक खाली लोंबकळू द्यायचं आणि पुन्हा टेप. हा दुसरा. पूर्ण दबलेला शॉकअप पहिल्या आकड्यापेक्षा आखूड हवा, पूर्ण ताणलेला दुसऱ्यापेक्षा थोडा लांब. दोन्ही आकडे मडगार्डच्या आतून खडूने लिहायचे. पहिल्याच चिखलात ते पुसले जात. तरी ते लिहिल्याशिवाय त्याच्या हातची गाडी बोळाबाहेर गेली नव्हती.

एक गाडी गेली. ती त्याच्या मुलीची.

मुलगी गुरांची डॉक्टर. नदीच्या कोरड्या पात्रातून, दगडगोट्यांवरून पलीकडच्या डोंगरवस्त्यांवर जायचं, गाईम्हशींना सुया टोचायच्या आणि संध्याकाळी त्याच पात्रातून परत यायचं, हा तिचा रोजचा रस्ता. त्या रस्त्याला रस्ता म्हणणं हा सरकारी विनोद होता. गाडी उंच असण्याची खरी गरज अख्ख्या गावात तिलाच होती, आणि अर्थातच गाडी उंच करायचं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. ते आलं तिच्या नवऱ्याच्या. तो विमा कंपनीत होता. कोण किती वर्षं जगेल याचे तक्ते दिवसभर वाचायचे, आणि संध्याकाळी मोबाइलवर उंच गाड्या चिखलात रुतताना बघायच्या. बायको आठवडाभर प्रशिक्षणाला गेली तेव्हा त्याने तिची गाडी चार इंच उंच करून घेतली. भेट म्हणून. मग शनिवारी सकाळी लालभडक शॉकअपचं खोकं घेऊन तो सासऱ्याच्या गॅरेजात हजर झाला.

गॅरेजच्या वरच घर होतं. सासूबाईंनी खिडकीतून जावई पाहिला, खोकं पाहिलं आणि नवऱ्याला वर बोलावून घेतलं.

"लग्नाला चार वर्षं झाली. आज पहिल्यांदा पोरगा स्वतःहून तुमच्याकडे काम घेऊन आलाय. तुमचं ते 'नाही' आजच्या दिवस खुंटीला टांगा."

"अगं, पण आधी बघू तर दे."

"बघायचं काही नाही. बसवायचं."

मोजपट्टी खाली आला. खोकं उघडलं. शॉकअप हातात घेऊन त्याने एकदा गाडीखाली नजर टाकली. तीस वर्षांत नजरेचीही टेप झालेली असते. दीड इंच जास्त, नजर म्हणाली. त्याने तोंड उघडलं.

"बाबा," जावई म्हणाला, "दुसरीकडे कुठेही बसवून मिळाले असते. पण म्हटलं, बसवायचे तर तुमच्याच हातून."

तोंड मिटलं. मोजपट्टीने खिशातल्या टेपला हात लावला आणि काढून घेतला. टेप बोलली असती तर त्यालाही बोलावं लागलं असतं. शॉकअप बसले, नट आवळले गेले. जावयाने गाडी मोठ्या रस्त्यावरून एक चक्कर मारून पुन्हा बोळात आणून लावली.

"लोणी आहे बाबा, लोणी!"

सपाट रस्त्यावर सगळेच शॉकअप चांगले असतात. जावईसुद्धा.

तो दिवसभर मोजपट्टीने एकच पाना पुसला. सोमवारी मुलगी नदी ओलांडणार होती. एखाद्या मोठ्या दगडावर चाक वर येईल, ठोकळ्याला टेकायच्या आधीच शॉकअपची नळकांड्यात शिरणारी दांडी संपेल, आणि गाडीचं सगळं वजन बोटभर जाडीच्या खिळीवर आदळेल. हे त्याला माहीत होतं. गॅरेजातल्या भिंतीलाही माहीत असावं. माहीत नव्हतं ते फक्त विम्याच्या माणसाला.

रविवारी सकाळी मुलगी गाडी न्यायला आली, मागोमाग इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात नवरा. कौतुक ऐकायला. ती थेट मागच्या चाकाशी उकिडवी बसली आणि मोबाइलचा उजेड मडगार्डच्या आत टाकला.

"बाबा, आकडे?"

"कसले?"

"कसले म्हणजे? टेपचं दुसरं टोक मी धरत आलेय लहानपणापासून. आकडे कुठायत?"

"पुसले असतील."

"का? बोळात पूर आला होता?"

"अगं, बाबांनी स्वतः बसवलेत," नवरा म्हणाला.

"म्हणून तर विचारतेय." ती उठली. "स्प्रिंग काढा बाबा. शॉकअपपण."

"आज रविवार गं."

"उद्या सोमवार आहे."

गाडी वर चढली, शॉकअप सुटले, स्प्रिंगा निघाल्या, जॅकने अ‍ॅक्सल ठोकळ्याला नेऊन टेकवला. मुलीने बापाच्या खिशातली टेप काढली आणि तिचं टोक नवऱ्याच्या हातात दिलं. "आडवे व्हा साहेब. आज तुम्ही धरा."

पांढरा शर्ट गाडीखाली गेला.

"किती?" मोजपट्टीने विचारलं. कालपासून पहिल्यांदा त्याचा आवाज स्वतःचा वाटला.

"साडेचौदा."

"आता खोक्यावर बघा." त्याने खोकं गाडीखाली सरकवलं. "दबल्यावर किती?"

"सोळा." तक्ते वाचणारा माणूस होता, वजाबाकी येत होती. "पण बाबा, गाडी तर चार इंच उंच झालीय!"

"उंच झाली. पण आदळताना जुन्याच जागी आदळते, जावईबापू. ठोकळा काही वर गेला नाही."

"मग काय होईल?"

"खिळी तुटेल. नाहीतर ती जिथे जोडलीय तो पत्रा फाटेल."

"शक्यता किती?"

"मी रोज दोनदा नदी ओलांडते," मुलगी म्हणाली. "काढा तुमचा तक्ता."

मोजपट्टी घाईघाईने मध्ये पडला. "एक करता येईल. रबराखाली दोन इंचांचा जादा ठोकळा लावू. चाक तेवढं कमी वर येईल, गाडी जरा धक्के देईल, पण हेच शॉकअप चालतील. म्हणजे कसं, यांचा मानही राहील."

"बाबा, गाडीत मी बसणार आहे. यांचा मान नाही बसणार."

वरची खिडकी हळूच लागली.

जावई सरपटत बाहेर आला. शर्टाच्या पाठीवर काळा पट्टा उमटला होता. "बाबा, काल तुम्हाला कळलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही जावई."

"आणि ही?"

मोजपट्टीने कानामागचा खडू काढून बोटांत फिरवला, फिरवत राहिला. मग आत गेला आणि फळीवरून राखाडी रंगाचे, कोणी वळून पाहणार नाही असे शॉकअप घेऊन आला. दबल्यावर चौदा, ताणल्यावर साडेतेवीस. "हे औषधांच्या खोक्यांचं वजन धरून निवडलेत," तो म्हणाला. कधी निवडले, ते त्याने सांगितलं नाही. शनिवारी त्याने पाना पुसला तो बहुधा याच फळीखाली उभं राहून. जावयाने न सांगता पुन्हा टेपचं टोक धरलं. चाक लोंबकळल्यावर तेवीस. खडू त्याच्याच हातात दिला गेला. आकडे वाकडे आले, पण बरोबर आले.

सोमवारी मुलगी नदी ओलांडून गेली आणि संध्याकाळी परत आली. यात सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच हवं होतं. लाल शॉकअप जावयाच्या बैठकीच्या खोलीत शोभेला उभे आहेत. ऑफिसात कोणी गाडी उंच केली की तो गंभीर चेहऱ्याने विचारतो, "मोजलंत का?" जणू मोजणं त्यानेच शोधून काढलं.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा बोळात आला. बगलेत टपावरच्या दिव्यांचं खोकं.

"बाबा, हे जरा—"

"नाही."

"ऐकून तरी घ्या."

"नाही."

जावई खोकं घेऊन परत निघाला. तणतणत नव्हे, शीळ वाजवत. चार वर्षांनी तो घरातला झाला होता.