सवलतीचे कारण

निर्मलाताई सेलूकरांना मी प्रथम भेटलो तेव्हा त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाल्या, "अर्धाच दिलाय. लागलं तर आणखी माग, पण टाकू नकोस." टँकरचे दिवस होते. शहराच्या टोकाला असलेल्या पडेगावच्या एका दवाखान्यात मी बिलांची संगणक प्रणाली बसवायला गेलो होतो. केसपेपर काढणे, पैसे घेणे, पावती फाडणे हे सारे तिथल्या काउंटरवर ताई एकट्या सांभाळत. मी सव्विशीचा होतो, प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला होता, आणि वर्षभरात शहरातले सगळे दवाखाने माझ्याच प्रोग्रॅमवर बिले काढतील याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

ताईंना संगणक जमणार नाही, असे मला डॉक्टरांच्या कंपाउंडरने आधीच बजावले होते. ताईंनी तो आठवडाभरात आत्मसात केला आणि पुढच्या आठवड्यात माझी चूक काढली. एकाच नावाच्या दोन रुग्णांची बिले माझा प्रोग्रॅम एकाच खात्यात टाकत होता. "अरे, या पडेगावात एका नावाची चार-चार माणसं आहेत. तुझ्या यंत्राला एकच दिसतो," त्या म्हणाल्या. मी मान खाली घालून दुरुस्ती केली. वयाच्या साठीनंतर नवे शिकणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. शिकता शिकता गुरूलाच शिकवणाऱ्या ताईच.

पण ज्या गोष्टीसाठी मी आज त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात लिहायला बसलो, ती वेगळी आहे आणि तिच्यात माझी फजिती आहे.

आमच्या घरात तीन पिढ्यांची कारकुनी. वडील वैजापूरला तहसील कचेरीत होते. कारणाशिवाय कागद पुढे सरकत नाही, हे बाळकडू मला घरीच मिळालेले. म्हणून मी बिलात एक रकाना ठेवला होता, 'सवलतीचे कारण'. तो भरल्याशिवाय बिल निघत नसे. डॉक्टरांना तो फार आवडला. ताईंच्या आधी काउंटरवर असलेल्या माणसाने ओळखीपाळखीत सवलती वाटल्या होत्या, त्यामुळे त्यांचे तोंड पोळलेले होते.

एके दिवशी ताई बँकेत गेल्या होत्या आणि काउंटरवर मी बसलो होतो. भागाबाई नावाच्या एक मेंढपाळ बाई आल्या. त्यांना साखरेचा आजार होता, डाव्या पायाला जखम होती आणि दिवसाआड मलमपट्टी चालू होती. ताई त्यांच्याकडून निम्मेच पैसे घेत. मी सवलत टाकली, रकाना उघडला आणि भरलेल्या बाकांसमोर खणखणीत आवाजात विचारले, "कारण काय लिहू, बाई?"

भागाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा बाकांवरच्या माणसांकडे. "काय नाय. येते," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी पुढचा नंबर पुकारला. इतके सोपे होते ते.

तिसऱ्या दिवशी ताईंनी केसपेपर चाळले आणि विचारले, "भागाबाईंची पट्टी का झाली नाही?" मी सांगितले. त्या रागावल्या नाहीत. पर्स उचलली आणि म्हणाल्या, "गाडी काढ."

भर दुपारी आम्ही दौलताबाद रस्त्याला लागलो. विकायला काढलेल्या प्लॉटांच्या खुणेच्या दगडांमध्ये मेंढ्या बसल्या होत्या. भागाबाई पाय लांब करून बसल्या होत्या. पट्टी काळी पडली होती आणि तिचा वास लांबून येत होता.

"समद्या लोकांम्होरं काय सांगू, बाई?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "औंदा पानी नाय, चारा नाय, ह्ये त्या डब्याला ठावं नाय व्हय?"

"चूक याची आहे, भागाबाई. राग पायावर कशाला काढता? चला."

भागाबाई हसल्या आणि उठल्या. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणले. ताई उन्हात रिक्षाची वाट बघत थांबल्या. डॉक्टरांनी जखम उघडली आणि म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर पाऊल कापावे लागले असते. मला अजून ते वाक्य ऐकू येते.

संध्याकाळी मी तो रकाना काढून टाकायला बसलो. ताईंनी थांबवले. "काढू नकोस. डॉक्टरांनी उगाच मागितलेला नाही. फक्त जो सवलत मागतो त्याला विचारू नकोस, जो देतो त्याला विचार." मी रकान्याचे नाव बदलले, 'सवलत देणाऱ्याचे नाव'. त्यापुढे ताईंनी सवलतीच्या प्रत्येक बिलावर स्वतःचे नाव घातले. उद्या कोणी बोट दाखवले असते तर ते ताईंकडेच वळले असते, आणि हे त्यांना पूर्ण ठाऊक होते. डॉक्टर दर महिन्याला ती यादी मागत आणि ताई एकेका नावाचा हिशेब न अडखळता सांगत. काही महिन्यांनी डॉक्टरांनी यादी मागणेच सोडले.

ताईंची माया काउंटरपुरती कधीच नव्हती. माझ्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी हर्सूलहून दोन बस बदलून त्या डबा आणत, आणि डब्यात माझ्यासाठी वेगळी तिखट चटणी असे. पण त्यांच्याविषयी कोणी विचारले की मला आधी भागाबाईंची शेवटची पट्टी आठवते.

त्या दिवशी भागाबाईंनी बिल हातात घेऊन विचारले, "ह्याच्यात काय काय लिवलंय?"

"सवलत देणारी, निर्मला," ताईंनी वाचून दाखवले.

"आन् माजं?"

"तुमचं नाव आणि डावा पाय."

"बास?"

"बास."

भागाबाईंनी कागद घडी करून कमरेला खोचला आणि गेल्या. रिक्षा नको म्हणाल्या. मी दारात उभा राहून पाहत होतो; त्या रस्त्याच्या कडेने, दोन्ही पाय सरळ टाकत चालल्या होत्या.

आज शहर पडेगावच्या कितीतरी पुढे गेले आहे आणि माझा प्रोग्रॅम बऱ्याच दवाखान्यांत चालतो, हे मी अभिमानानेच सांगतो. त्यातली एकमेव शहाणपणाची गोष्ट माझी नाही, हेही सांगून टाकतो. ताई, पंचाहत्तरीतही तुम्ही सकाळचे दोन तास काउंटरवर बसता. शंभरीलाही तिथेच बसा. आणि दवाखान्याशी तुमचा संबंध जन्मभर काउंटरच्या अलीकडूनच राहो. पलीकडे, रुग्णांच्या रांगेत, तुमचे नाव कधीही पुकारले न जावो.