सुतकातला उमेदवार

निशिकांत चौबळ तांजोंग पगारच्या एका कंपनीत अकाउंटंट होता आणि विरोधी पक्षाचा माणूस होता. सिंगापुरात पहिली गोष्ट सांगितली की लोक माना डोलवत. दुसरी सांगितली की विषय बदलत. नागरिकत्व मिळाल्यावर तो पक्षात गेला, वर्षानुवर्षं पत्रकं वाटली, २०११ साली उभा राहिला आणि पडला. त्यानंतर क्वीन्सटाउनच्या त्याच्या घरी जेवायला आलेला त्याचा मित्र चारुदत्त म्हणाला होता, "पडायचीच हौस असेल तर उबीन बेटावर सायकल चालवायला चल. तिथे पडलास तर निदान कोणी उचलेल."

२०१५ च्या निवडणुकीत पक्षाने त्याला पुन्हा उभं केलं. मोठ्या मतदारसंघांत पाच जणांचा संघ एकत्र लढतो आणि त्यात एक तरी अल्पसंख्याक समाजातला लागतो, असा तिथला कायदा. बाकीचे चौघे चिनी होते. अर्ज भरायला पाचही जण स्वतः हजर हवेत. निशिकांत नसला तर चौघांचेही अर्ज बाद, आणि समोरचे लढतीवाचून निवडून येणार.

अर्ज मंगळवारी भरायचा होता. रविवारी सकाळी ठाण्याहून धाकट्या भावाचा, प्रबोधचा फोन आला.

"दादा, आईचं काही खरं नाही. आजच नीघ."

"मंगळवारी दुपारी निघतो."

"ती मंगळवारपर्यंत थांबेल असं तिने तुला सांगितलंय का?"

निशिकांतने मतदारसंघाचा नियम समजावून सांगायला सुरुवात केली. प्रबोधने फोन ठेवला होता, हे त्याला जरा उशिराच कळलं.

आई सोमवारी संध्याकाळी गेली. त्याच्या बायकोने, नीताने, बॅग भरून दाराशी ठेवली होती. तिने ती उचलून आत नेली आणि एवढंच विचारलं, "अहो, पांढरा शर्ट इस्त्री करू ना?" मंगळवारी प्रबोधने अग्नी दिला. त्याच वेळी थोरला मुलगा अर्ज भरून एका शाळेच्या पटांगणात चार चिन्यांच्या रांगेत हात उंचावून उभा होता. पक्षात त्याने कोणाला काही सांगितलं नाही. गेलेल्या आईच्या नावावर मतं मागितल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. मग ठाण्याला जाणंही राहिलं. प्रचाराचे दिवस मोजकेच होते आणि उमेदवार का नाही, हे सांगावं लागलं असतं.

पण सुतक त्याने पाळलं. दारोदार हिंडत होता, उंबरठा मात्र एकही ओलांडला नाही. लोक आत बोलवायचे, सरबत पुढे करायचे. हा बाहेरच उभा राहून "नको, थँक्यू" म्हणायचा. बेदोकच्या एका बारशाला त्याला मुद्दाम बोलावलं होतं. तो जिन्यापाशी थांबला आणि पत्रक देऊन परतला. एका तमिळ म्हातारीने ओवाळायला ताट आणलं, तेव्हा तो दोन पावलं मागे सरला. म्हातारीचं तोंड उतरलं.

संघाचे पुढारी मिस्टर टे वैतागले. "चौबळ, तुमच्याच लोकांची तक्रार आहे. म्हणतात, तुमचा इंडियन फार गर्विष्ठ. आमच्या घरचं पाणीसुद्धा त्याला चालत नाही."

"गुडघा दुखतो," निशिकांत म्हणाला.

"पाणी प्यायला गुडघा लागत नाही."

सुतक फिटलं आणि दुसऱ्या दिवशी मतदान झालं. गेल्या खेपेपेक्षा मोठा पराभव झाला. ज्या इमारतींत भारतीय घरं जास्त, तिथे तर दाणादाण उडाली. तेराव्याला तो ठाण्यात पोचला तेव्हा पंगत उठत होती. मामांनी निवडणुकीचं विचारलं. "पडला," प्रबोध वाढता वाढता म्हणाला, "पण अर्ज वेळेवर भरला."

महिन्याभराने मिस्टर टेंना कुठून तरी कळलं. ते संत्री घेऊन क्वीन्सटाउनला आले.

"तुम्ही सांगायला हवं होतं, चौबळ. सांगितलं असतं, तर आम्ही तुम्हाला—"

ते थांबले. नीता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वाक्य पुरं होईल म्हणून तिने वाट पाहिली, मग ती आत गेली.

"तुम्ही नसतं पाठवलं," निशिकांत म्हणाला. "आणि मीही गेलो नसतो. ते जास्त वाईट आहे."

मिस्टर टे पुढच्या निवडणुकीसाठी दुसरा भारतीय शोधायला लागले.